पाटीवरचं नाव

२ एप्रिल

पाटीवाला ल्याव आला होता. शिडी लावून आमची पाटी मोजली, खाली उतरला, घाम पुसत मला विचारतो — "भावाचं नाव मोठ्या अक्षरांत ना? त्याच्याखाली 'सनदी लेखापाल' लिहायचं का?"

मी म्हटलं, कुठल्या भावाचं?

"तुला किती भाऊ आहेत? चुंग-यीचं! तुमच्या घरूनच निरोप आला. तुला ठाऊक नाही?"

आहे की, म्हटलं. का म्हटलं असं? लाज वाटली, दुसरं काय! आपल्या दारात उभं राहून आपल्याच पाटीबद्दल पाटीवाल्याला विचारायचं?

आजवर पाटीवर नुसतं 'खो हिशेब व कर कार्यालय' आहे. बाबांनी स्वतः रंगवलेलं. माझं नाव नको, खो म्हटलं की मी आलेच, असं मीच म्हणत आले. बाबांना पक्षाघाताचा पहिला झटका आला तेव्हा तैपेईची बँकेतली नोकरी सोडून तुंगकांगला परत आले. परीक्षा दिली, भिंतीवर लावलाय तो परवाना माझ्या नावाचा. इस्पितळात बाबांनी हात धरून म्हटलं होतं — "दुकान तुझं आता." आई शेजारीच उभी होती.

चुंग-यी पाच तारखेला येतोच आहे. काहीतरी घोटाळा असणार.

५ एप्रिल

घोटाळा नाही.

सकाळी सगळे डोंगरावर, दरवर्षीसारखे पूर्वजांच्या कबरींचं गवत काढायला. चुंग-यी काओश्युंगहून बायकोला घेऊन आला, पांढरे बूट घालून! मी विळा चालवता चालवता विचारलं, पाटीचं काय?

त्याने हातातला, पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी नोटांचा गठ्ठा सोडवायला घेतला. माझ्याकडे बघेना. "ताई, मला वाटलं तुला सांगितलंय."

"कुणी?"

"घरी ठरलंय ना. एक जूनपासून मी बसणार. तुझा मे महिन्याचा करविवरणांचा हंगाम मध्येच मोडायला नको, म्हणून..."

म्हणजे हंगाम मी काढायचा. पीक मी कापायचं, आणि मळणी झाली की हा येणार! आयत्या बिळावर नागोबा!

काका उदबत्त्या वाटत होते. ऐकलं असावं. म्हणाले, "अगं पी-श्या, मुलगा घरी येतोय, आनंदाची गोष्ट! आडनाव चालवणारा तोच ना?"

माझं लग्न झालं नाही. त्यामुळे मेल्यावर या कबरीत मला जागा नाही, घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या रांगेतही नाही. हे लहानपणापासून माहीत आहे. त्याचं आता काही वाटतही नाही. पण जिवंतपणी टेबलसुद्धा नाही?

६ एप्रिल

बाबांशी बोलले. बोलले म्हणजे मी बोलले. गेल्या हिवाळ्यातल्या दुसऱ्या झटक्यापासून त्यांची जीभ वळत नाही, आईलाच काय ते कळतं.

म्हटलं, बाबा, तुम्ही मला शब्द दिला होतात.

त्यांचे डोळे भरून आले. डावा हात उचलला, काहीतरी घशातून काढलं, पुन्हा काढलं. मी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "ते म्हणतायत — नाव त्याचं, काम तुझंच. फरक काय पडतो?"

फरक काय पडतो!! बाबा अजून आवाज काढतच होते, खुर्चीचा दांडा आपटत होते. मला वाटलं, वर रागावतायत माझ्यावर. उठून आले. दार आपटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

नंतर आई मागच्या अंगणात आली. माझ्याआधी तीच रडली. लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारून म्हणाली, "काय करू गं अ-श्या. पुरुषाचा हट्ट. मी तरी किती सांगणार." पाठीवरून हात फिरवत राहिली. एक तेवढी आहे माझी.

७ एप्रिल

काम केलं. कुणाशी बोलले नाही.

२० एप्रिल

ट्यूना यायला लागला. बंदरावर लिलावाचा गलका, आणि आमच्याकडे मंडळींची रीघ सुरू. पिशव्याच्या पिशव्या पावत्या — मासळीचा वास कागदांना. मला तो वास आवडतो, हे कुणाला सांगू नये.

आज अ-खिम मावशी आली. जाळ्यांचं दुकान आहे तिचं, धक्क्यासमोर. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही, तेव्हापासून दुकान ती एकटी चालवते. तिचा कर मी बघते. बर्फात घातलेली कोळंबी घेऊन आली आणि बसल्या बसल्या म्हणते, "मग? मुलगा कुठला? काय करतो?"

"कोण मुलगा?"

"तुझा गं! नवरा मुलगा! तू सोडून चाललीस म्हटल्यावर आम्हाला वाटलं, जमलं कुठेतरी."

"तुला कुणी सांगितलं मी सोडून चालले?"

मावशीने कोळंबीची पिशवी उगाच इकडची तिकडे ठेवली. नववर्षाला देवळात जेवणावळ झाली तेव्हाच म्हणे पंचांच्या टेबलावर सगळ्यांना सांगून झालं होतं. चुंग-यी येतोय, दुकान तो घेतोय. मी तेव्हा इथे बसून बर्फ कारखान्याच्या हिशेबांची जुळवाजुळव करत होते!

म्हणजे बर्फवाल्याला ठाऊक. जाळीवालीला ठाऊक. पंचांना ठाऊक. नाश्त्याच्या गाडीवरच्या बाईनेही परवा "आता आराम कर" म्हटलं होतं. मला वाटलं, दमलेली दिसते म्हणून म्हणाली असेल. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि मी त्यांच्या पावत्या लावत होते.

केसाने गळा कापला बाबांनी. उघड भांडले असते तर बरं होतं.

आई म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस, तब्येत बघ.

९ मे

आज मात्र हसले. खूप दिवसांनी.

त्साय बंधू आले. तिघं तीन बोटींचे मालक, तिघं एकाच वेळी दारात. तिघांनाही आपल्या विवरणात आईला दाखवायचंय, म्हातारं माणूस पोसतो म्हटलं की करात सूट मिळते.

मी म्हटलं, एका आईला एकच जण दाखवू शकतो.

थोरला म्हणाला, "मी थोरला."

मधला म्हणाला, "औषधं कोण आणतं?"

"आणतोस, आणि बिल माझ्याकडे पाठवतोस!"

धाकटा म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा, मागच्या वर्षी कोणाकडे होती?"

"कागदावर तुझ्याकडे," मी म्हटलं. "प्रत्यक्षात जेवते कुणाकडे?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी थोरला खाली बघत म्हणाला, "बहिणीकडे."

मग बहिणीनेच का नाही दाखवायचं, म्हटलं तर म्हणे, तिचं काय, ती कर भरण्याएवढं कमावत नाही. कागदावर आई तिघांना हवी, ताटावर कुणालाच नको!

ते गेल्यावर बराच वेळ हसत होते. मग हसू कधी थांबलं, कळलं नाही. शेवटी ठरवलं ते असं — यंदा थोरल्याच्या नावावर, पण वाचेल तो पैसा बहिणीला. माझ्यासमोर फोन करून तिला सांगायला लावलं. थोरला जाताना म्हणाला, "तुमच्यासारखं कुणी बोलत नाही आमच्याशी. तुम्ही जाल तिथे आम्ही येऊ."

तेवढ्यावर दिवस गेला.

२२ मे

चुंग-यी आज 'नुसता बघायला' आला. बायको पडद्यांची मापं घेत होती. हा माझ्या खुर्चीत बसला, मागे रेलला, खुर्ची करकरली. "ही बदलू या," म्हणाला.

मी उभीच. माझ्याच टेबलासमोर, मंडळी उभी राहतात त्या जागी.

"ताई, तू काळजी करू नकोस. तुला सोडणार नाही मी. महिन्याचा पगार, वर्षअखेरीला बोनस. बाहेर कुठे मिळतं असं?"

पगार! हा सहावीत होता तेव्हा याची गणितं मी सोडवली. कॉलेजची फी माझ्या तैपेईच्या पगारातून गेली. मी म्हटलं, "आणि दुपारच्या चहाची सुट्टी किती वेळ, साहेब?"

तो कसनुसा हसला. बायको टेप गुंडाळत म्हणाली, "ताई, असं टोचून कशाला बोलायचं? बाबांच्या इच्छेचा मान ठेवायला नको का?"

बाबा आतल्या खोलीत होते. चाकांची खुर्ची दाराशी आणून थांबले होते. माझ्याकडे बघत होते. मी मान वळवली. म्हणे त्यांच्या इच्छेचा मान ठेवायचा!

२३ मे

ठरलं. जायचं.

३१ मे

शेवटचं विवरण संध्याकाळी गेलं. एकही राहिलं नाही, एकही चुकलं नाही. हे कुणावर उपकार म्हणून नव्हे. माझं काम होतं, केलं.

परवाना भिंतीवरून काढला. त्याच्यामागे भिंत पांढरी राहिलीये.

चुंग-यीला फोन करून सांगितलं, उद्या ये, किल्ली आईकडे आहे. "म्हणजे? तू कुठे चाललीस?" खरंच त्याला कळेना! अ-खिम मावशीने दुकानाच्या वरची खोली दिलीये, मी तिथे माझं काम सुरू करणार, म्हटलं. मग म्हणाला, "आईला माहीत आहे?"

आईला दुपारीच सांगितलं होतं. तिचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. "खरंच जाणार तू?" तीनतीनदा विचारलं. मी म्हटलं, तुला भेटायला येईन गं, तुझ्याशी थोडंच भांडण आहे माझं.

बाबांचा निरोप घेतला नाही.

४ जून

खोलीला डांबर आणि नायलॉनच्या दोरांचा वास. खिडकीतून धक्का दिसतो. मावशीने स्वतः टेबल वर चढवलं, मला हात लावू दिला नाही. "बाईमाणसाने एकटं दुकान टाकलं की पहिली तीन वर्षं लोक कीव करतात," म्हणाली, "नंतर घाबरतात. कीव करतायत तोवर सोसायचं."

१० जून

बर्फवाला आला. सुक्या मासळीची लिन आजी आली. जिना चढताना दोनदा बसली, मला शिव्या घातल्या, पण आली.

त्साय बंधू नाही आले. आज बाजारात थोरला दिसला. माझ्या आधी त्यानेच नजर चुकवली, मग चुकवता येईना म्हणून जवळ आला. "ताई, तसं काही नाही... पाय आपोआप तिकडेच वळतात. खोंचं दुकान ते खोंचं दुकान."

"मी कोण आहे मग?"

त्याने हातातला मासा माझ्यापुढे धरला. नको म्हटलं.

बाबांनी माझं दुकानच नाही, आडनावही काढून घेतलं. त्यांना माफ करायचं नाही. मेले तरी नाही. लिहूनच ठेवते.

१३ जून

चुंग-यी आला होता. जिन्यातच बसला, वर येईना. म्हणाला, "मला जमत नाही ताई. लोक माझ्याशी बोलतच नाहीत, पिशवी ठेवून जातात. तू परत ये."

मी म्हटलं, बाबांना सांग. त्यांनीच बोलावलंय ना तुला.

"बाबांनी?" तो बघतच राहिला. "बाबा तयार नव्हते! बोलता येत होतं तोवर 'थोरलीचं आहे ते' एवढंच म्हणत होते. आई मागे लागली होती, ताई. दर रविवारी फोनवर रडायची, तू घरी ये, म्हातारपणी मुलगा जवळ हवा. बाबांची जीभ गेल्यावर तिनेच त्यांचा सहीचा शिक्का काढून दुकान माझ्या नावावर करायच्या कागदावर उठवला. पंचांना निरोप तिचा. पाटीवाल्यालाही."

"आणि माझं काय? हे विचारलंस तिला?"

"विचारलं होतं." मान खाली घातली. "म्हणाली, अ-श्या कुठे जाते! ती आहेच."

तो गेला. आता खाली रस्त्यावर आई उभी आहे, वर बघून हाका मारतेय. मी खिडकीशी गेलेले नाही.

उद्या ती बाजाराला गेली की बाबांकडे जाईन.