माफी कशाची मागू?

३ जुलै

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

माझ्या पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शब्द काही केल्या पाठ होईनात. घरची भक्तिगीतं मात्र तोंडपाठ! म्हटलं, ज्याने त्याने आपलं गाणं आणावं. चाल तीच, ओळ तीच. फक्त दिवा आला की लॅम्प, दार आलं की डोअर. शब्द पक्के झाले ना!

लगेच दोन पालक मुख्याध्यापिकाबाईंकडे धावले. एक म्हणतो, देवाधर्माचं वर्गात काय काम. दुसरा म्हणतो, देवाची थट्टा केली. बाईंना सोमवारी लेखी माफी हवी आहे, नाहीतर नोकरीत कायम करणार नाहीत. मी देणार नाही.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त ठेव.
तुझी धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

डोकं ठिकाणावर आहे ना? आमच्या प्रार्थना मंडळात रोज गाणं सांगणारा मी. त्या ओळी मी डोळे मिटून म्हणतो, आणि तू त्यात लॅम्प घुसवतेस! मला मुळीच आवडलं नाही. दोन ओळी खरडून दे आणि मोकळी हो. नोकऱ्या काय झाडाला लागतात? वहिनी म्हणते, उगाच शाई वाया घालवू नका, ती ऐकायची नाही.

रागावलोय, पण माया आहे तेवढीच आहे.
तुझा दादा

११ जुलै

ती. दादास,
सा. न.

वहिनी जिंकली. बाई गाणं बंद करा म्हणाल्या, केलं. काल फळ्यावर नुसते शब्द लिहिले आणि तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. मागच्या बाकावर एकीने गुणगुणायला सुरुवात केली, शेजारणीने उचललं, आणि बघता बघता अख्खा वर्ग गायला लागला. ज्यांच्या घरी ते गाणं म्हणतही नाहीत, तीसुद्धा! बाई धावत आल्या. कुणी सुरू केलं विचारलं, तर झाडून सगळ्यांचे हात वर. त्यात दोन्ही तक्रारवाल्यांची पोरंही होती.

माफीचा कागद मी कोराच परत दिला. वर्षअखेरीला काढणार म्हणे. काढू देत! तोवर वर्ग माझा आहे.

रागावून का होईना, लिहीत राहा.
तुझी धाकटी

१५ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

मला अजूनही आवडलेलं नाही. पण काल प्रार्थनेनंतर तुझा विषय निघाला आणि एकाने तुला नावं ठेवली. मी त्याला तिथेच गप्प केलं. म्हटलं, माझ्या बहिणीला बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही कोण?

काढलंच तर सरळ इकडे ये. आमची प्रार्थनेची खोली दुपारी रिकामीच असते. तिथे मुलं बसव आणि हवं ते गाऊन घे. कुणी विचारलंच, तर माफी मीही लिहून देणार नाही.

तुझ्याच बाजूचा,
दादा