तनयानं स्वतःच झेललेला बॉल

सदाशिव पेठ, पुणे
८ जानेवारी २००१

ती. नम्रताताईस, दत्तूचा सा. न. वि. वि.

कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून बाबा अजून माझा फोन घेत नाहीत, तेव्हा हे तुलाच सांगतो. सायबर कॅफेतली नोकरी बरी चाललीय. माझ्या तनयाचं मात्र काहीतरी शिजतंय.

काल तिच्या बास्केटबॉल क्लबची फायनल होती. शेवटी शेवटी तिनं बास्केटवर मारलेला बॉल रिंगला, बोर्डाला, कशालाच लागला नाही. धावत जाऊन तो तिनंच झेलला आणि टाकला आत! सगळे ‘ट्रॅव्हलिंग’, बॉल घेऊन पळाली, म्हणून ओरडले. आपणच मारलेला बॉल आपणच कसा झेलायचा? पण रेफरी शौनकनं शिट्टीच वाजवली नाही, बास्केट दिली, तनयाची टीम जिंकली. हा शौनक हिंजवडीला कंपनीत आहे, नवी बाइक आहे, आणि तनयाला चहा पाजताना मी त्याला पाहिलंय. मी उभा राहून ओरडलो, की रेफरी भाळलाय, बास्केट भेट दिलीय! हरलेल्या टीमचे कोच हिंमतराव माझी पाठ थोपटून गेले. तनयानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं असेल म्हणूनच ना?

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा दत्तू

अमरावती
१३ जानेवारी २००१

चि. दत्तप्रसाद यास अ. आ.

गाढवा, मी कॉलेजच्या टीममध्ये काय लंगडी खेळत होते? बास्केटसाठी खरोखर मारलेला बॉल हातून सुटला की कुणाचाच नसतो. रिंगला लागो न लागो, आधी पोचेल त्याचा, मारणारीचासुद्धा. तिनं नुसता वर उडवून झेलला असता तर गोष्ट वेगळी. आमच्या वेळीही लोक यावर असेच बोंबलायचे. राहिला चहा. तो मी पोस्टमनलाही देते, तुझे भाऊजी अजून ओरडले नाहीत.

मला शंका वेगळीच येते. हिंमतराव तुझी पाठ काहून थोपटतील? जिल्ह्याच्या टीमची निवड याच दिवसांत ना? तुझं बोलणं ते कुठं नेतात ते आधी बघ.

जेवत जा. तुझ्यावर जीव असणारी,
ताई

सदाशिव पेठ, पुणे
२१ जानेवारी २००१

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी शंका खरी निघाली. हिंमतरावांनी निवड समितीकडे तक्रार केली होती, की तनयाचा जवळचा माणूसच बास्केट फुकटची म्हणतोय. तिचं नाव अडकलं होतं. मी समितीपुढे जाऊन तुझा नियम सांगितला. अध्यक्ष म्हणाले, नियम आम्हाला ठाऊक आहे, रेफरी भाळलाय हे आपण कशावरून म्हणालात ते सांगा. शेजारी तनयाचे वडील, श्यामसुंदरराव. मी म्हणालो, भाळलोय तो मी. शौनकचा मी फक्त चहा पाहिला. अध्यक्ष म्हणाले, पुण्यात चहाला पुरावा धरत नाहीत. श्यामसुंदररावांनी विचारलं, आपलं झालं असेल तर आपण निघता का?

तनयाचं नाव लागलं. बाहेर भेटली तेव्हा म्हणाली, माझ्या एकूण एक मॅचला आलास, आणि मी ती बास्केट केली तेव्हा तू शौनककडे बघत होतास. आता मैदानावर येऊ नकोस.

शौनक दिसला की डोळा अजून तिरका होतोच, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या महिन्यातली राज्य स्पर्धा तुमच्या अमरावतीत आहे. मी येणार नाही. तू जा. रेफरी कोण होता ते कळवू नकोस. ती कशी खेळली, तेवढंच लिही.

माझ्या वाटणीची माया त्या दिवशी तिला दे.

तुझा दत्तू