बरबटीच्या रश्शाशेजारी

माय,

आज दुपारी आमच्याकडे पाहुणे जेवून गेले. तुझ्या नातीला बघायला आले होते. बाजारात जिला चवळी म्हणतात त्या बरबटीचा रस्सा केला होता, तुझ्याकडून शिकलेला. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, थोडी बरबटी ठेचून रश्शात परत घालायची म्हणजे तो पाण्यासारखा पळत नाही. रश्शाबद्दल माझी तुझ्याशी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या बाजूला तू काय ठेवलंस याची, आणि ती अठ्ठावीस वर्षं जुनी आहे. तू जिवंत असताना करायला हवी होती. तेव्हा मी तोंड दाबून बसले, आणि आता कागद घेऊन बसले आहे, जो कुठं धाडायचाही नाही.

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं आपल्या अमडापूरच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. ते काम ताट करायचं. रस्सा आणि भाकरी सगळ्यांना सारखीच. बाजूला ठेचा, कांदा, जवसाची चटणी, फार तर कच्च्या मेथीचा तिखट-मीठ लावलेला घोळाना एवढंच आलं, की जाणती माणसं काय ते समजायची. पोटभर जेवायची, स्वयंपाकाची तारीफ करायची आणि उन्हं कलायच्या आत निघायची. कोणाचा अपमान नाही, कोणाशी वाकडं नाही. आणि शेजारी गोडाची वाटी आली की सोयरीक पक्की. मग हात धुवायच्या आधीच तिथीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. मला ही रीत लहानपणी फार शहाणपणाची वाटायची.

सुलतानपूरचे पाहुणे यायचे होते त्या सकाळी तू ओट्यावर बसून बरबटी निवडत होतीस. मी बुलढाण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकत होते, आणि पुढं मास्तरीण व्हायचं हे मी तुझ्याशिवाय कोणाला बोललेही नव्हते. तू सुपातून मान वर न करता विचारलंस, “तुह्या मनात काय हाय ते आत्ताच सांग. ताटात तेच जाईन.” मी म्हटलं, “मले आंधी शिकू दे, माय.” तू म्हणालीस, “मंग तोंडी लावाचं तूच कर. मी हात नाही लावत.” माझा इतका विश्वास बसला की मी गाणं गुणगुणत ठेचा कुटला. मिरच्या जरा जास्तच घेतल्या, पाहुण्यांच्या मनात शंका राहायला नको म्हणून. चार ताटं मी स्वतः वाढली. ठेचा, कांदा, जवसाची चटणी. बस.

पाण्याचा तांब्या घेऊन मी बाहेर येते, तर माझ्या मागून तू येतेस. हातात ताटली, ताटलीत चार वाट्या, वाट्यांत शिरा. मी परसात हातपाय धुवायला गेले तेवढ्यात तू रवा भाजलास. मला तो तुपाचा वास आला होता, पण तू माझ्याशी असं वागशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलाच्या मामांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाले, “चला, तोंड गोड झालं.” माझ्या वडिलांचाही चेहरा खुलला. मी तांब्या घेऊन उभीच.

नंतर चुलीपाशी मी तुला एवढंच विचारलं, “काऊन केलं असं?” तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, “इतक्या दुरून आलेले लोक, पोरगा चांगला, घर चांगलं. त्यायले कोरडं कसं उठवू? नाही जमलं मले.” एवढं बोलून तू आणखी भाकरी वाढायला निघून गेलीस. पुढं लग्न झालं. पुस्तकं तू मोठ्या प्रेमानं पेटीत बांधून दिलीस, ती सुलतानपुरात वाळवीनं खाल्ली. माणूस वाईट निघाला असता तर तुला शिव्या देणं सोपं गेलं असतं. तो चांगला निघाला, आणि सगळे म्हणत राहिले की मायनं पोरीचं कल्याण केलं. तुझ्या मातीलाही बायका हेच बोलत होत्या. मी रडत होते, पण सगळं रडणं तुझ्यासाठी नव्हतं.

आज सकाळीच तुझ्या नातीनं मला ‘नाही’ सांगितलं. तिची बुलढाण्याला नोकरी आहे, पुढची परीक्षा आहे. ताटाची रीत मीच तिला कधीतरी हसत हसत सांगितली होती, माझी गोष्ट वगळून. तिनं ठेचा कुटला, मुळा चिरला, कांदा ठेवला. पाहुण्यांपैकी मुलाच्या आईनं ताटावर नजर फिरवली. आपल्याच भागातली बाई, तिला कळलं. तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी आत आले, रव्याचा डबा काढला, कढई गॅसवर ठेवली. हो, मी. तूप वितळायला लागलं आणि मी गॅस बंद केला. पाहुणे ताक पिऊन उठले. निघताना ती बाई माझा हात धरून म्हणाली, “रस्सा झकास झाला होता, बाई.” झालं. आभाळ कोसळलं नाही. म्हणजे ते जमण्यासारखं होतं, माय. इतकी वर्षं मी तुझी बाजू घेत मनाला समजावत होते की तुझा नाइलाज झाला असेल. आजपासून तेही गेलं.

भांडी घासताना लेकीनं विचारलं, “मम्मी, तुह्या वेळी तुले कोणी विचारलं होतं का?”

“हाव. माह्या मायनं विचारलं होतं.”

“आजी चांगली होती मंग.”

मी हो म्हटलं. तू विचारलं होतंस, हे खरंच आहे. पुढचं मी तिला सांगितलं नाही.