थंडर कॅसेट सेंटर, गिरणीच्या शेजारी, मु. अष्टमी, ता. रोहा

२ जानेवारी १९९५
दुकान सुरू. काल एक तारखेलाच करणार होतो, पण काल गुणाजीमामांची गिरणी बंद होती. मामा म्हणाले, गिरणी बंद तर इकडे कुत्रं पण फिरकत नाय.

पिठाच्या गिरणीला लागून अर्धा गाळा आहे, त्यात कोंड्याची पोती असायची. तो मला मिळाला. पोती मागे सरकवली. रोहा तालुक्यातलं पहिलं हेवी मेटलचं दुकान. बहुतेक जिल्ह्यातलं. अलिबागची खात्री नाही.

बोर्ड पेणच्या पेंटरकडून करून आणला. काळ्यावर लाल अक्षरं आणि कोसळणारी वीज, एवढंच सांगितलं होतं. त्याने वीज काढली आणि कोपऱ्यात गणपती. मी भडकलो. तो म्हणाला, पेणात ब्रश हातात घेतला की आधी तोच निघतो, तुम्ही नको म्हणाला नव्हता. बोर्ड लावला आणि मामींनी गणपतीला हार घातला. आता खोडताही येत नाही.

दुकानाचे नियम: फिल्मी गाणी नाहीत. भजनं नाहीत. कोळीगीतं नाहीत. आणि कोऱ्या कॅसेट तर मुळीच नाहीत. कोरी कॅसेट विकायची म्हणजे लोकांना फिल्मी गाणी भरायची सोय करून द्यायची. तत्त्व म्हणजे तत्त्व.

५ जानेवारी
एक म्हातारे आले, हरिपाठ आहे का विचारलं. ओरडलो. मामा गिरणी थांबवून बाहेर आले. म्हणाले, भाचेबुवा, ते पिठाला आले होते रे, सहज विचारलं, आता डबा उचलून दुसऱ्या गिरणीत गेले.

संकल्प: ओरडायचं नाही.

१४ जानेवारी
ओरडलो. तेही नेमकं संक्रांतीला, समोरच्याच्या हातात तिळगूळ असताना.

पण चूक माझी नाही. गिरणी चालू असली की मला टेप फुल करावा लागतो. विमलबाई तांदळाचा डबा घेऊन आल्या. ड्रमचा सोलो ऐन भरात होता. त्या मामांना म्हणाल्या, गुणाजी, पट्टा घसरतोय तुझा, बघ जरा. मामा म्हणाले, नाय गो, पट्टा नाय तो, भाचा हाय.

या लोकांना तयार करायला वेळ लागेल. वर्षभर धरू.

१९ जानेवारी
गावाहून, गडबहून, बाबा आले. पोतं टेकून बसले, एक बाजू पूर्ण ऐकली. मग म्हणाले, मिठागरात पंप बिघडतो तेव्हा आम्ही मेकॅनिकला बोलावतो. म्हणाले, वैशाखापर्यंत बघ, नाय जमलं तर धाटावला कंपनीत अर्ज टाक.

त्यांना वाटतं मी पोरीसाठी अष्टमीला दुकान टाकलं. साफ चूक. अष्टमीला धाटावचे शिफ्टवाले राहतात. तरुण आहेत, मशीनच्या आवाजाला सरावलेले आहेत. हा मार्केटचा अभ्यास आहे. अपेक्षाचं घर दुकानासमोरून दिसतं, तो योगायोग.

२३ जानेवारी
अपेक्षा आली!

पेणला कॉलेजात आम्ही एका वर्गात. ती टी.वाय.ला आहे, मी एस.वाय.ला अकाउंट्सच्या सरांनी केसांवरून टोकलं म्हणून वही भिरकावून बाहेर पडलो. त्याच दिवशी एस.टी. स्टँडवर तिने विचारलं होतं, तुझ्या शर्टावरचा हा सांगाडा प्रिंट आहे की हाताने काढलाय? इतक्या मुली होत्या कॉलेजात. एकीने तरी सांगाड्याची चौकशी केली का? तेव्हाच मी ओळखलं.

आज म्हणाली, नितेश, कोरी कॅसेट आहे का, नव्वद मिनिटांची? मी म्हणालो, कोरी मिळणार नाही, भरलेली घे. आणि ‘थंडर १’ दिली. मी स्वतः निवडून भरलेली. पैसे घेतले नाहीत. तिने कॅसेट उलटसुलट करून बघितली. वरच्या भोकांवर बोट ठेवून विचारलं, इथल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या का मोडल्यात? म्हटलं, यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून. तिने विचारलं, आणि भरायचंच झालं तर? म्हटलं, भोकावर सेलोटेप लावला तर भरता येतं, पण असलं पाप कोण करेल?

ती हसली. काय हसली.

१० फेब्रुवारी
‘थंडर २’ आणि ‘थंडर ३’ घेऊन गेली. म्हणाली, पहिलीच्या दोन्ही बाजू पुरल्या नाहीत.

पुरल्या नाहीत! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका बाजूनंतर डोकं धरून बसलो होतो.

म्हणाली, ऐन रंगात आलं की बाजू संपते, मग म्हातारीला थांबवावं लागतं. घरात म्हातारी आहे तर. विरोध असणारच. तरी ऐकते.

२ मार्च
‘थंडर ४’, ‘थंडर ५’. तिच्याशिवाय गिऱ्हाईक नाही, पण धंद्यात आधी एक खंबीर गिऱ्हाईक लागतं.

मामा म्हणाले, पैशे न देणाऱ्याला गिऱ्हाईक नाय म्हणत. मी ओरडलो. मामांवर. मग माफी मागून दोन डबे दळून दिले.

२१ मार्च
अपेक्षाने पेढे आणून दिले. म्हणाली, आईने दिलेत. मी अभिनंदन केलं. पास झाली असणार. परीक्षा अजून व्हायचीय हे नंतर लक्षात आलं. मधली काहीतरी टेस्ट असेल.

२२ मार्च
टेस्ट नव्हती. मामी म्हणाल्या, अरे, तिचं लग्न ठरलं. प्रणित म्हणून मुलगा, धाटावला कंपनीत पर्मनंट, स्वभावाने गरीब.

दुकान बंद. डोकं दुखतंय. गिरणी चालूच.

२४ मार्च
शांतपणे विचार केला. हे तिच्यावर लादलंय. जी मुलगी माझ्या पाच कॅसेट पचवते, ती पर्मनंटला हो म्हणेल? तिला फक्त माहीत नाही की दुसरा कोणी तयार आहे. ते सांगणं माझं काम.

पत्र लिहिणार नाही. पत्र सगळेच लिहितात.

४ एप्रिल
दुपारी लाइट गेली, गिरणी थांबली. टेपमध्ये सेल टाकले आणि ‘थंडर ६’च्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, स्वतःच्या आवाजात बोललो: अपेक्षा, मी कमी बोलतो, पण बोलतो ते खरं बोलतो. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. तुला मी कधी एकटी पडू देणार नाही. कळलं ना? कळलं ना!

माझं नाव मुद्दाम घेतलं नाही. आवाज ओळखेल. दुसरं ‘कळलं ना’ जरा रागात आलं. राहू दे. लाडीगोडी लावणारे वेगळे.

५ एप्रिल
कॅसेट दिली. म्हटलं, शेवटपर्यंत ऐक, शेवट महत्त्वाचा आहे. ती म्हणाली, हो, शेवटची ही एकच लागेल आता.

शेवटची. म्हणजे निर्णय घेतलाय.

२७ एप्रिल
उत्तर आलं!

स्वतः आली. लग्नाची पत्रिका दिली. (घरच्यांनी दिली म्हणून द्यावीच लागणार.) आणि हळू आवाजात म्हणाली, हळदीला तुझा डेक मिळेल का? तू स्वतः ये लावायला. कॅसेट आमच्याच आहेत, तूच दिलेल्या.

पुन्हा एकदा लिहितो, माझाच विश्वास बसत नाही. तिच्या हळदीला, भर मांडवात, कर्ण्यावर, मी दिलेल्या कॅसेट! आणि शेवटी माझा आवाज. मग ती पाटावरून उठणार. मला वाटलं होतं आपण धाडसी आहोत. ती माझ्या पुढची निघाली.

३ मे
तयारी: केस धुतले. सांगाड्याचा शर्ट इस्त्री केला. रोहा स्टँडवर पनवेल गाडीची चौकशी केली. पनवेलला पोचल्यावर पुढे काय ते तिथे बघू. कंट्रोलर म्हणाला, वैशाखात सगळ्या गाड्या वऱ्हाडाने भरलेल्या, उभ्यानेच जावं लागंल. चालेल. प्रेमात उभं राहायची तयारी पाहिजे.

९ मे, संध्याकाळी
निघतोय. बॅग मामींच्या नजरेस पडली. म्हटलं, आत वायरी आहेत.

१० मे
लिहून टाकतो आणि मोकळा होतो.

मांडवात डेक जोडला, कर्णा वर बांधलेलाच होता. अपेक्षाच्या आईने पिशवी हातात दिली. आत ‘थंडर १’ ते ‘थंडर ६’. सगळ्यांच्या भोकांवर सेलोटेप. लेबलवर ‘थंडर’ खोडून बॉलपेनने लिहिलेलं: मांडव. तेल-हळद. घाणा.

मी विचारलं, हे काय? आई म्हणाली, अरे, धवले. धोंडुबाईंकडून भरून घेतले. आमच्याकडे धवला म्हटल्याशिवाय हळद लागत नाही, मांडवाचा खांबही रोवत नाहीत. धवलारीण समोर बसून एकेका विधीचं गाणं म्हणते. आणि या पट्ट्यातल्या निम्म्या घरांची धवलारीण एकच, धोंडुबाई. तिला नऊ तारखेचं आधीच बोलावणं होतं, नेमकं माझ्या गावचं, गडबचंच. एका मुहूर्तावर दोन हळदी, म्हातारी एक. म्हातारीची गाणी राहावीत म्हणून ही पोरगी जानेवारीपासून तिच्यासमोर टेप घेऊन बसत होती, तेच आता कामाला आलं. माझ्या कॅसेटवर. अपेक्षा मला म्हणाली, तुझी टेप भारी होती रे, घासत नाय, आवाज स्वच्छ येतो.

मी प्ले दाबलं. दुसरं काय करणार होतो? धोंडुबाईचा आवाज कर्ण्यातून सुटला आणि बायका गप्प झाल्या. हळद लागायला लागली. मी ओळीने कॅसेटच्या बाजू बदलत होतो. विमलबाईंनी जाता जाता माझ्याही गालाला आणि हातांना तेल-हळद फासली. म्हणाल्या, पोरा, आज बरं वाजवतोस, आज पट्टा घसरत नाय.

शेवटची कॅसेट, दुसरी बाजू. धोंडुबाई अर्ध्यातच थांबली. तिची गाणी संपली होती. आणि त्या टेपवरचं जुनं, माझं, जसंच्या तसं राहिलेलं, सुरू झालं. दोन गिटार, डबल बास ड्रम. मला वाटलं, आता मार पडणार.

पोरं नाचायला लागली. मग बापये. मग बँजोवाले, जे नंतर वाजवणार होते, ते पण. विमलबाई पदर खोचून. कोण कोणाला विचारत होतं, ही कुठल्या गावची गाणी? कोण म्हणालं, उरणकडची असतील. सबंध अष्टमी माझ्या संगीतावर नाचत होती, आणि पुढे काय आहे ते फक्त मला माहीत होतं.

स्टॉप दाबायला गेलो. बोटं तेलात माखलेली. बटण सटकलं. परत दाबलं, परत सटकलं.

अपेक्षा, मी कमी बोलतो...

सबंध मांडव थांबला. कर्ण्यातून सगळ्यांचा आवाज एकसारखाच येतो. तुला मी कधी एकटी पडू देणार नाही. कळलं ना? कळलं ना!

पहिली किंचाळली तिची काकू. म्हणाली, गो बाई, नवऱ्याने बोलून पाठवलंय कॅसेटमदी! मग सगळ्याच. केवढा धीट! आणि लोक म्हणतात गरीब हाय! अपेक्षाच्या आईने डोळे पुसले. अपेक्षा पाटावरून उठली नाही. खाली मान घालून हसत होती. तशी ती माझ्या दुकानात कधी हसली नव्हती, तेवढं मला कळतं.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, नितेश, प्रणितने तुला कधी आणून दिलं हे?

मी म्हणालो, परवा.

११ मे
लग्नाला गेलो नाही. वायरींची बॅग रिकामी केली.

२० मे
लोक येतायत. अष्टमीच्या हळदीत वाजलेले धवले हवेत, मग नंतरची ती उरणची गाणी पण हवीत. मामांनी खडूने दारावर लिहिलं, कोऱ्या कॅसेट मिळतील. मी ओरडणार होतो. तत्त्वात थोडा बदल केला: कोऱ्या ठेवायच्या, पण मागच्या फळीवर.

३१ मे
बाबा विचारून गेले, धाटावचा अर्ज टाकला का? सांगितलं, धाटावमध्ये माझा आवाज आधीच लागलाय, दुसऱ्याच्या नावावर.

१२ जून
दुपारी प्रणित आला. मी त्याला पहिल्यांदा जवळून बघितलं. हडकुळा, शर्टाच्या खिशात कंपनीचं कार्ड, चप्पल दाराबाहेर काढून आत आला. माझ्या दुकानात चप्पल काढून आलेला पहिला माणूस.

म्हणाला, भाऊ, हळदीला ते बोलणं वाजलं, मी तर काय आणून दिलं नव्हतं.

गिरणी चालू होती म्हणून मला उत्तर द्यायला वेळ मिळाला. म्हटलं, कधीकधी कॅसेट कंपनीतूनच तशी भरून येते. मांडवात तिला काय सांगणार, म्हणून तुमचं नाव घेतलं.

तो म्हणाला, नावासकट भरून येते?

म्हटलं, नाव कॉमन आहे.

त्याने दाराबाहेर वाकून बोर्डावरच्या गणपतीकडे बघितलं. मग मान हलवली. म्हणाला, ती फार खूश हाय. रोज म्हणते, परत बोला तसं. मला नाय जमत. पुढल्या आठवड्यात नाईट शिफ्ट लागलीय, ती घरात एकटीच असणार. तसली अजून एक मिळंल काय?

मी मागच्या फळीवरची कोरी नव्वद मिनिटांची काढली. हात आपोआप गेला. म्हटलं, सोमवारी या, कंपनीला कळवतो.

त्याने चप्पल घातली. पायरीवरून परत वळला. म्हणाला, कंपनीला एवढं सांगा, बोलणाऱ्याने या वेळी जरा कमी चिडावं. ती म्हणते, तुम्ही घरी तर असे चिडत नाय.

सांगतो म्हटलं.