बारा खाटा, एक जोडी हातमोजे

आई, दोन रात्री झोपले नाही. पोरीला जुलाब लागलेत. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजतेय, तेही पोटात ठरत नाही. आठ महिन्यांची आहे, तू बघितलीच नाहीस. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते, तिथंच शाळा सुटली.

मीही तुझ्यासारखं आयाचंच काम करते. इथं गुडगावात नव्या कोठ्या, म्हणजे मोठे बंगले झालेत, त्यातल्या एकीत म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम आहे. पोरं अमेरिकेत, आईबाप आमच्याकडे. खाटा बारा. मॅडम सकाळी रबरी हातमोज्यांची एक जोडी देते, संध्याकाळपर्यंत तीच. एका आजीचं पुसायचं, मोज्यांसकट हात बादलीत बुडवायचे, की पुढची खाट. साबण फक्त पाहुण्यांच्या बेसिनवर, तिथं आम्ही जायचं नाही. मी म्हटलं, "मॅडम, एक साबुन अंदर भी रखवा दो ना." तर म्हणाली, "दस्ताने दिए हैं ना? अब महारानी को साबुन भी चाहिए."

मग चार नंबरच्या आजींना जुलाब सुरू झाले. मग पाच. मग सहा. आई, मी खाटा त्याच ओळीनं करते गं. मॅडमला सांगितलं, तर "तेरी बस्ती से आया होगा" म्हणे. सात नंबरच्या आजी परवा गेल्या. मॅडमनं त्यांच्या मुलाला फोनवर सांगितलं, उमर हो गई थी. मी तिथंच चादर काढत होते. उमर नाही, बादली. पण माझं कोण ऐकतंय.

तू तालुक्याच्या दवाखान्यातून यायचीस, पायरीवर बादली असायची, कोपरापर्यंत साबण लावायचीस. एकदा मी धावत येऊन बिलगले तर कानाखाली वाजवलीस. मग हात धुऊन भाकरी भरवलीस आणि म्हणालीस, "बाई, माझ्या हाताला दहा जणांचं दुखणं असतं, तुला कशाला देऊ?" कामावर जाताना बांगड्या काढायचीस. शेजारणी म्हणायच्या, नवरा जिवंत असून हात मोकळे. तू म्हणायचीस, "घाण बांगडीखाली बसते, नवऱ्याखाली नाही."

मी मात्र बांगड्यांवरूनच मोजे चढवते. सासू काढू देत नाही. आणि परवा घरी आले तर पोरगी रडत होती, माझं अंगावरचं दूध गळत होतं. दिवसभर मोजे होतेच, म्हणून हात धुतले नाहीत. तशीच घेतली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

नवरा त्याच्या साहेबांची गाडी घेऊन जयपूरला गेलाय. मी सासूला सोबत घेऊन पोरीला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेतेय. हे पत्र टाकणार कुठं, दुधाच्या डब्याखाली ठेवते. ज्याला मिळेल त्यानं माझ्या भावाला फोन करा. करोल बागेत गाडीच्या पार्टच्या दुकानात असतो, नंबर कॅलेंडरवर लिहिलाय. बांगड्या उंबऱ्यापाशी दिसतील, त्या बघून त्याला भलतंच काही सांगू नका. हात धुवायला काढल्यात.