तुर्कूच्या बंदरात फुंकलेला आकडा

गुरुवार, १४ ऑगस्ट
रीक्काचं परत तेच. सख्खी बहीण असून भरवसा नाही. म्हणते, योना, तू दारात दिसशील तेव्हा खरं. मागच्या ख्रिसमसला बर्फात अडकलो, त्यात माझा काय दोष? (अडकलो नव्हतो. पण तिला काय माहीत.)
रविवारी लोइमाच्या चर्चमध्ये तिच्या मुलीचा बाप्तिस्मा. मी धर्मपिता, म्हणजे विधीला बाळाच्या बाजूने उभा राहणारा. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, व्हीलचेअरवर आहे. तुर्कूहून तिला न्यायला रीक्काने खास टॅक्सी सांगितली होती. मी म्हटलं, रद्द कर. माझ्या कॅम्परव्हॅनमध्ये आई राणीसारखी बसेल. नॉर्वेत दोन वर्षं मासे साफ केले ते कशासाठी?
संकल्प: रविवारपर्यंत दारूचा एक थेंब नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट. स. ७.३०
तुर्कूच्या बोटीने स्टॉकहोम सोडलं. व्हॅन खालच्या डेकवर, दोन जर्मन कॅम्परांच्या मागे. आपलीच रुबाबदार. गंजकी बाजू भिंतीकडे आहे.

दु. १२.४०
बुफे. बेचाळीस युरो. नळाची वाइन आणि बिअर त्यातच धरलेली. हेरिंग चार प्रकारचं खाल्लं, पोट भरलं, वसुली फार तर वीसची. उरलेले बावीस बोटवाल्यांना सोडायचे?

दु. २.५०
वसूल. संकल्प शाबूत. ती जेवणातली होती. उतरायला साडेतीन तास आहेत, उतरेल. शिवाय गाडी चालवताना दारूची मर्यादा नॉर्वेत ०.२, आमच्या फिनलंडमध्ये ०.५. म्हणजे मला सूटच.

सं. ५.१५
हेरिंग खारट होतं. तहान. लाँकेरोचे, म्हणजे जिनच्या तयार पेयाचे, तीन कॅन. त्यात ग्रेपफ्रूट असतं.

सं. ८.३०
अजून बंदरातच. पोलीस प्रत्येक ड्रायव्हरला फुंकायला लावत होते. नेहमीच लावतात. ०.९४. पोलीसबाई म्हणाली, पुन्हा फुंका. ०.९४. व्हॅन तिनेच बाजूला घेतली. उतरताना म्हणाली, गिअर खरखरतोय. मागची सगळी रांग माझ्याकडे बघत गेली.
लायसन्स गेलं. दंड मिळकतीवर बसतो, म्हणून तिने पगार विचारला. निदान तिथे तरी मान वर असावी म्हणून म्हटलं, हातात महिना पाच हजार. तिने लिहून घेतलं. म्हणाली, मग तेवीसशेच्या आसपास जाईल. मी म्हटलं, अडीच हजार मिळतात. ती म्हणाली, दोन मिनिटांत निम्मा? पगाराचे कागद पाठवा.
कागद कारखान्यात मागावे लागतील. कशाला हवेत ते सांगावं लागेल. राहू दे.

रविवार, १७ ऑगस्ट. स. ९
रीक्काला फोन केला, गिअर गेला म्हणालो. ती म्हणाली, आकडा सांग. सांगितला. म्हणाली, आईला तूच सांग.
व्हीलचेअरची टॅक्सी आदल्या दिवशी सांगावी लागते. सहा ठिकाणी फोन केले. नाही.

दु. ३
आईकडे. निळा ड्रेस घालून, केस करून सकाळपासून खिडकीशी बसली होती. म्हणाली, असू दे. मग विचारलं, जेवलास का. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मी एकटा ट्रेनने जाऊ शकलो असतो. तिला खिडकीत सोडून कोणत्या तोंडाने जाऊ? धर्मपिता म्हणून दाजींचा भाऊ उभा राहिला.

बुधवार, २० ऑगस्ट
नॉर्वे. व्हॅन तुर्कूच्या बंदरातच. गाडीशिवाय बोटीने, पुढे बस. कामावर सांगितलं, ट्रिप झकास झाली.
बाळाला पैसे पाठवायला बसलो. बँकेच्या फॉर्मवर मजकुराला जागा असते, तिथे तिचं नाव लिहावं म्हटलं. नाव चर्चमध्येच जाहीर होतं, आधी कुणाला सांगत नाहीत. रीक्काला मेसेज केला, काय ठेवलं? तिने लिहिलं, आलेल्यांना सांगितलंय.
आईला फोनवर कळलं असेल. तिला विचारवत नाही.
'बाळाला' असं लिहिलं. दंड आणि व्हॅनचं पार्किंग जाऊन जमतील तेवढे पाठवतोय: चाळीस युरो.