जुना सायलेन्सर

नवीन पनवेल,
मे महिना, बुधवार

प्रिय अपूर्व,

फोनवर तू "बरा आहे" म्हणतोस आणि मी पुढचं काही विचारायच्या आत तुझी मीटिंग निघते, म्हणून कागदावर लिहितेय. आधीच सांगते, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घाबरायचं काम करायला या घरात मी आहे.

जेवणाखाण्याचं विचारणार नव्हते, पण विचारतेच. डबा लावलास की अजून बाहेरचंच चालू आहे? अनुयाताई म्हणते, फोटोत तुझे गाल बसलेले दिसतात. तिच्या कामोठ्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा दारात कोणी आलं की बाबा मान वर करून बघायचे. तू कळवलं होतंस की सुटी नाही. दिवाळीतही नव्हती. नाशिक काही समुद्रापलीकडे नाही रे. पण ते जाऊ दे, रागवायला लिहीत नाहीये.

बातमी जीपची आहे. जीपचं नाव वाचून कागद बाजूला ठेवू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. होळी झाली आणि बाबांनी जाहीर केलं की जीपच्या धुराची सगळी व्यवस्था बदलायची. इंजिनापासून मागेपर्यंत जाड, न गंजणारा स्टीलचा पाइप, नवा सायलेन्सर, आणि शेवटचं तोंड मागे खाली न ठेवता टपाच्या बाजूने वर न्यायचं, धुराड्यासारखं. म्हणजे गाडी पाण्यात गेली तरी तोंड पाण्याच्या वर राहतं. हे सगळं ते जेवताना चमच्याने ताटात रेघा ओढून समजावत होते. मला एवढंच कळलं की या वर्षीही पाऊस लागला की हा माणूस नदीत गाडी घालणार, आणि आता पाइप उंच म्हणून आणखी खोल पाण्यात घालणार. वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, नदीपलीकडच्या वाडीवरून कोणाला दवाखान्यात न्यायला फोन आला की चप्पल घालायचंही भान राहत नाही. आणि तू इथे नाहीस. मी मनात ठरवलं, कल्पेशच्या गॅरेजवर जायचं आणि त्याला सांगायचं, बाबा रे, काहीतरी कारण काढ, पण हे काम करू नकोस.

गेल्या श्रावणातल्या त्या सकाळबद्दल आपण दोघं एकदाच बोललो, तू बॅग भरत होतास तेव्हा. मला अजून सगळं डोळ्यांसमोर दिसतं, मी तिथे नसूनही. वाडीवरच्या काशिरामला घोणस चावली म्हणून फोन आला. बाबांच्या डोळ्यावर पट्टी, म्हणून गाडी तू घेतलीस आणि ते शेजारी बसले. जाताना पाणी उतारावर होतं, येताना वाढलेलं. मागे काशिराम, त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची सून वेणू, आणि नदीच्या मध्यावर जीप बंद पडली. मग दोर, वाडीवरची माणसं, पलीकडे पोचेपर्यंत झालेली दुपार. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर पाय वाचला असता. पण ते वाक्य तुझ्या मनात राहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या मनात राहिलं ते बाबांचं. गाडी बंद पडली त्या क्षणी ते म्हणाले होते, "अपूर्व, पाय का उचललास?"

तू मला म्हणालास की आता तुला स्वतःलाच आठवत नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला होतास की नाही. पाण्यात तो उचलला की पाइपातून पाणी शिरतं आणि गाडी बंद पडते, असं बाबा सांगतात. आधी वाटायचं नाही उचलला, मग वाटायला लागलं उचललाच असणार, कारण बाबा यंत्राच्या बाबतीत कधी चुकत नाहीत. मी तुझे शर्ट घडी करत राहिले.

तर मी गॅरेजवर गेले. विचुंब्याच्या रस्त्याला कल्पेशने आता मोठी शेड टाकली आहे. बाबा तिथेच होते, जीप उंच उचललेली, खालचं जुनं सगळं सोडवून जमिनीवर ठेवलेलं. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, भाजीला निघाले होते. विचुंब्याला कुठली भाजी, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही, कारण त्यांनी तेवढ्यात जुना सायलेन्सर उचलून हलवला आणि तो आतून खुळखुळला. तुला त्यांची सवय माहीत आहे. तळोज्याच्या कंपनीत इतकी वर्षं देखभाल खात्यात काढली, पण बाद झालेला भाग उघडून बघितल्याशिवाय कधी भंगारात टाकला नाही. त्यांनी कल्पेशला तो मधोमध कापायला सांगितला.

कापला तेव्हा आतून गंजाचा भुगा पडला. आतल्या पत्र्याच्या जाळ्या असतात म्हणे, त्या कुजून तुटल्या होत्या आणि बाहेर जायच्या तोंडाशी गोळा होऊन बसल्या होत्या, कुकरच्या शिटीत शितं अडकावीत तशा. बाबांनी त्यात बोट घालून बघितलं. बोट आरपार गेलं नाही. मग ते तिथल्या टायरवर खाली बसले. मला वाटलं छातीत दुखतंय. मी पाणी दिलं, ते नुसतं हातात धरून राहिले. शेवटी कल्पेशला म्हणाले की तू मला मागच्या पावसाआधी सांगितलं होतंस, आवाज बसका येतोय, सायलेन्सर बदला. कल्पेशने खाली बघितलं आणि म्हणाला की काका, एवढा गेला असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

मग बाबा माझ्याकडे न बघता बोलले. ते शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुझे आहेत.

"कोरड्या रस्त्यावर कशीबशी चालत होती. पाण्यात धूर बाहेर पडायला वाटच नव्हती. पाय दाबून धरला असता तरी बंद पडली असती, सुमती. मी चालवत असतो तरी पडली असती."

अपूर्व, हे पुन्हा वाच.

मी कल्पेशला जे सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. आम्ही रिक्षाने घरी आलो. त्या दिवसापासून बाबा फार कमी बोलतात. डोक्यावरून विमान गेलं की पूर्वी वर बघून कुठलं असेल यावर वाद घालायचे, आता मानही उचलत नाहीत. फोन हातात घेतात, तुझं नाव काढतात, वाजायच्या आत बंद करतात. एकदा ते मेसेज लिहीत असताना मी मागून पाहिलं. "जीपचे काम सुरू आहे" एवढं लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. तुला तो आला नसणार. मला भीती वाटायला लागली. तुझी वाटते ती वेगळी, ही वेगळी. तू तिकडे एका गोष्टीचं ओझं घेऊन बसलायस आणि हे इकडे त्याच गोष्टीचं, आणि मी मधे. फोन वाजला तरी धस्स होतं, नाही वाजला तरी होतं.

काम पुरं झाल्यावर ते पहिल्यांदा वाडीवर गेले. मीही हट्टाने सोबत गेले. नदीत पाणी नव्हतं, नुसते गोटे होते, तरी उतारावर मी डोळे मिटून घेतले. काशिराम अंगणात खाटेवर बसला होता. त्याला आता कृत्रिम पाय मिळालाय, पण उकाड्यात तो काढून ठेवतो. वेणू शेणाने सारवत होती, हात धुऊन पाणी घेऊन आली. बाबांनी बसायच्या आधी, उभ्यानेच सगळं सांगितलं. सायलेन्सर कुजला होता, मला सांगितलं होतं, मी पुढे ढकललं, तुमचा पाय माझ्यामुळे गेला. एवढं सलग मी त्यांना आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं.

काशिरामने ऐकून घेतलं. त्याला राग आला की नाही मला कळलं नाही. आपल्या उरलेल्या पायाकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, पाय गेला त्याचं दुख हाय. नाय कसं म्हणू. पन तुमचा पोरगा कुटं हाय? त्या पान्यात मला पाठीवर त्यानं घेतला. त्याला मी पुन्ना बघितलाच नाय."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वेणू म्हणाली की पाणी छातीपर्यंत होतं, दोराला धरून तू काशिरामला पलीकडे नेलंस आणि परत तिच्यासाठी आलास. बाबांच्या एका डोळ्यावर पट्टी आणि वरून पाऊस, कोण कोणाला नेतंय ते त्यांना दिसलं नव्हतं. बाबांनी तिला दोनदा विचारलं, कोणी, अपूर्वने? परत येताना ते गाडी चालवत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. नव्या सायलेन्सरचा आवाज खोल आणि शांत आहे, गाडीत माणूस बोललेलं ऐकू येतं. पण बोललं कोणीच नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. येत्या रविवारी सकाळी बाबा जीप घेऊन तुझ्याकडे यायला निघताहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, मला मात्र आत्तापासून कसारा घाटच दिसतोय. मी चल म्हटलं तर नको म्हणाले, एकट्यालाच जायचंय. विचारशील तर सांगतील, नव्या कामाची लांबची चाचणी घ्यायची होती. ते काय सांगायला येताहेत हे मला माहीत आहे, आणि त्यांना ते सांगता येणार नाही हेही माहीत आहे. दारात उभे राहून पाइपची जाडी सांगतील, घाटात गाडी किती छान ओढली ते सांगतील, चहा घेतील आणि निघतो म्हणतील. त्यांना निघू देऊ नकोस. खाली जाऊन जीप बघ, पाइप कुठून कुठे नेलाय विचार, जुन्या सायलेन्सरचं काय झालं विचार. मग ते बोलायला लागतील, अडखळतील. तेव्हा तुला कळलंय असं दाखवू नकोस. मध्येच "असू द्या बाबा" म्हणून त्यांना सोडवूही नकोस. त्यांचं पूर्ण होऊ दे. माझ्याकडून तुला काहीच कळलेलं नाही, तू हे पहिल्यांदाच ऐकतोयस, असं ऐक.

पोचले की एक फोन कर, मी फोनजवळच बसलेली असेन.

तुझीच,
आई